बिनपगारी उमेदवारी

"ताई, बँकेत मी काहीच शिकले नाही. महिनाभर नुसत्या स्लिपा भरल्या."

मिरजगावची ही मुलगी एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं आहे. चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. उन्हाळ्यात एखाद्या संस्थेत जायचं, काम शिकायचं आणि अहवाल लिहायचा. हिला एसटीने तासाभरावरच्या बाजारगावी एका बँकेच्या शाखेत जागा मिळाली. घरातली पहिली पदवीधर, त्यात बँक! आईने उचल घेऊन नवा ड्रेस शिवला.

पहिल्याच दिवशी तिला दाराजवळच्या टेबलाशी बसवलं. तिच्याबरोबर आलेल्या मुलाला आत, कर्जविभागात. साहेब म्हणाले, "बायका तुझ्याशी मोकळेपणाने बोलतील." झालं! मुलीच्या जातीला माणसं सांभाळण्याचं काम आलं आणि मुलाला आकड्यांचं.

त्या टेबलाशी कोण यायचं? 'लाडकी बहीण'चे पैसे २०२४ च्या ऑगस्टपासून खात्यात येऊ लागले, तेव्हापासून आयुष्यात कधी बँकेची पायरी न चढलेल्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. कुणाचं आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं. कुणाचं खातं केवायसीवाचून बंद पडलेलं. खुरपून खुरपून बोटांच्या रेषा झिजलेल्या, म्हणून यंत्राला अंगठा पटत नाही. कुणाचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात. ही मुलगी एकेकीचं ऐकून घेई, अर्ज भरी, सही कुठे करायची ते दाखवी.

एक दिवस एक बाई शिल्लक विचारायला आली. मागे नवरा उभा. आतून कारकुनाने आकडा मोठ्याने सांगितला. बाईचा चेहरा उतरला. पोटाला चिमटा काढून मागे टाकलेले पैसे होते ते. आमच्या सल्ला केंद्रात अशा किती जणी येतात! घरात ठेवले तर दारूत जातील म्हणून बँकेत ठेवले, आणि बँकेनेच चारचौघांत सांगितले. पुढे घरी काय होतं ते तुम्हांला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून ही मुलगी आतून आकडा विचारून आणी, चिठ्ठीवर लिही आणि चिठ्ठी घडी करून खातेदारणीच्याच हातात देई. जिला वाचता येत नाही तिला बाजूला नेऊन कानात सांगे. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खातेदाराची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कर्तव्य, एवढं वाक्य तिने पुस्तकात वाचलं होतं. त्याचा अर्थ तिला त्या उतरलेल्या चेहऱ्याने शिकवला.

अहवालात तिने याबद्दल तीन पानं लिहिली. मार्गदर्शक सरांनी त्यांवर काट मारली. "हे बँकिंग नव्हे. ठेवी, कर्जं, संघटनेचा तक्ता घाल."

बँकिंग नव्हे, तर मग काय आहे हे? सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी बँक काढायला घेतली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत केला, कारण प्रवर्तकांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. त्या लिहायला शिकल्या, चेतना सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय करून दाखवावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. काउंटरच्या बाहेर उभ्या असलेल्या बाईची गरज ओळखणं हेच तिथलं बँकिंग होतं.

दुसरी गोष्ट पैशाची. महिनाभर या मुलीने शाखेतली गर्दी निभावली. मिळालं काय? एक प्रमाणपत्र. एसटीचं अर्धं तिकीट २०२३ पासून आहे म्हणून निभलं. तेवढे दिवस कांदा काढायला गेली असती तर रोजची हजेरी पदरात पडली असती. केंद्राने २०२४ मध्ये उमेदवारीची योजना जाहीर केली, महिना ५,००० रुपयांची. पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती नाही. म्हणजे ज्यांना अभ्यासक्रमानेच सक्ती केली, त्या कोरड्याच.

"शिकतेय ना, मग पैसे कशाचे?" असं विचारलं जातं. घरातल्या बाईलाही आपण हेच ऐकवत आलो. आपलंच घर, मग मोजायचं कशाला? खरं सांगते, एम.एस.डब्ल्यू.ला असताना मीही दोन वर्षं क्षेत्रकार्य केलं, पदरचे पैसे घालून वस्त्या फिरले, पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. सेवा म्हटलं की हिशेब मागायची लाज वाटते. ती लाज आपल्याला लहानपणापासून शिकवलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रशिक्षण सक्तीचं असेल, तर प्रवासखर्च आणि विद्यावेतनही सक्तीचं हवं. मुलींना दाराशी आणि मुलांना आत, ही वाटणी बंद व्हावी. दोघांनी दोन्हीकडे बसावं. आणि पाठवण्याआधी कॉलेजने मुलींना एवढं तरी सांगावं की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगार न घेणाऱ्या प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसांची शाखा असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हिला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली, शेजारची मुलगी या सुट्टीत अशी कुठे जात असेल, तर संध्याकाळी तिला नुसतं "काय शिकलीस?" असं विचारू नका. "आज काय काम केलंस?" असंही विचारा.

मी या मुलीला विचारलं. ती बोलत राहिली, मी मोजत गेले. तिला स्वतःलाच नवल वाटलं. ती तीन पानं तिने अहवालात पुन्हा जोडली आहेत. सर किती गुण देतात, बघू या.