समुद्रावर जाताय? हॉटेलच्या आधी पाण्याची चौकशी करा

दिवाळीची सुट्टी लागली किंवा शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू झाला, की सिरसाळा, परळी, माजलगाव या पट्ट्यातून कोकणाकडे गाड्या निघतात. किनारा बहुतेक वेळा मोबाईलवरच ठरतो. कुणीतरी टाकलेली रील, पांढरी वाळू, नारळाची झाडे आणि परवडणारी खोली पाहून बुकिंग होते. तिथले पाणी कसे आहे, हे यातून कळत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की किनारा निवडताना पहिला प्रश्न पाण्याचा असावा, खोलीचा नंतर.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकीच्या गटातील ८ जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस पावसाळ्याबाहेरचे होते, दोन्ही किनारे पर्यटकांच्या ओळखीचे होते आणि दोन्ही गट समुद्रापासून दूरच्या गावांतून आलेले होते. आपणही तसेच दूरचे आहोत.

विहिरीत पोहणारा समुद्रात का फसतो?

आपल्याकडे पोरे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. समुद्राचे पाणी लाटेने किनाऱ्यावर येते आणि वाट सापडेल तिथून जोराने मागे जाते. या मागे जाणाऱ्या प्रवाहाला रिप करंट म्हणतात. तो जिथे असतो तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा नवख्याला सर्वांत शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. प्रवाहाने ओढले की माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो आणि दमतो. अशा वेळी अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर सरकावे. प्रवाहाचा पट्टा सहसा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडता येते.

कॅलेंडरवरची तिथी कामाची

भरती-ओहोटीचे चक्र साधारण सव्वाबारा ते साडेबारा तासांचे असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कोकणात एक जुना आडाखा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला दुपारी जेवून पाण्यात उतरणारा माणूस ओहोटीच्या ओढीत उतरतो. त्यात पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असल्याने पाण्याची चढउतार सर्वांत मोठी असते. ओहोटीत ओल्या वाळूवर फिरा, शिंपले वेचा, पण पाण्यात जाऊ नका. हा आडाखा अंदाजापुरता आहे. नेमकी वेळ स्थानिकांना विचारा.

कोणता किनारा कुणासाठी?

आजी-आजोबा आणि लहान मुले सोबत असतील तर उताराने मंद, सपाट आणि गावालगतचा किनारा बघा. रायगडमध्ये नागाव, दिवेआगर, श्रीवर्धन आणि रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर, लाडघर, कर्दे यांचा विचार करता येईल. यांपैकी नागाव, श्रीवर्धन, गुहागर आणि लाडघर हे किनारे पालघरच्या पारनाक्यासोबत ब्लू फ्लॅग मानांकनासाठी निवडले गेले. स्वच्छता, सुरक्षा आणि सोयी अशा निकषांवर दिले जाणारे हे आंतरराष्ट्रीय मानांकन आहे. तरीही त्या दिवशी तिथे जीवरक्षक आहे का, हे विचारावेच लागते.

गणपतीपुळ्याला दर्शनासाठी जरूर जा, पण तिथल्या समुद्रात पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते, ती ओहोटीतच करायची असते. देवबागसारख्या ठिकाणी कर्ली नदी समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी तळ आणि प्रवाह दोन्ही बदलत राहतात, तिथे पोहण्याचा विचारही नको.

बुकिंग करताना नावाचीही खात्री करा. लातूरचे मुरुड आपल्याला माहीत आहे. पण समुद्राकाठी मुरुड दोन आहेत. एक जंजिऱ्याजवळचे, दुसरे दापोली तालुक्यातले. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

एका दिवसाची सहल एका दिवसात होत नाही

सिरसाळ्याहून पुणे, ताम्हिणी घाटमार्गे रायगडचा किनारा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोमीटर पडतो. रात्रभर गाडी हाकून सकाळी सगळे थेट पाण्यात, आणि संध्याकाळी परत, हा बेत निवांत नाही आणि सुरक्षितही नाही. चालक झोपेत असतो, बाकीचे दमलेले. किनाऱ्यावर एक दिवस निवांत घालवायचा तर मुक्कामाच्या दोन रात्री धरा. खर्च वाढतो हे खरे. मग वर्षातून दोन धावत्या सहलींऐवजी एकच नीट करा. जून ते ऑगस्ट तर समुद्र टाळाच. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीही बंद असते. रोज समुद्रावर जाणारे कोळी बांधव थांबतात, तेव्हा आपण उतरण्यात शहाणपण नाही.

जबाबदारी फक्त पर्यटकाची नाही

बुडालेल्यांना बेफिकीर ठरवून विषय संपवण्याची सवय आपल्याला आहे. ते पुरेसे नाही. गोव्यात २००८ पासून सरकारने किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. वाळूत लाल झेंडा दिसला, की पाण्यात उतरायचे नाही, हे नवख्यालाही कळते. आपल्याकडे हा भार बऱ्याच ठिकाणी लहान ग्रामपंचायतीवर पडतो. सुट्टीच्या दिवसांत हजारोंची गर्दी सांभाळणे तिच्या आवाक्यातले नाही. कोकण पर्यटनातून उत्पन्नाची अपेक्षा राज्य सरकार करत असेल, तर जीवरक्षकांचा पगारही त्यानेच द्यावा.

आपल्या भागातल्या शाळांनाही एक करता येईल. पालकांकडून घेतल्या जाणाऱ्या संमतीपत्रावर किनाऱ्याचे नाव, तिथे जीवरक्षक आहे का आणि त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहाव्यात. पालकांनीही हे विचारल्याशिवाय सही करू नये.

निघण्याआधी हे करा :

• मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा : समोरच्या किनाऱ्यावर गावातली मुले पोहतात का, कुठे पोहत नाहीत, जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो?
• गाडी वाळूवर नेऊ नका, भरतीत ती अडकते.
• कुणी बुडताना दिसले तर पाठोपाठ उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब फेका आणि लोकांना बोलवा.
• आपत्कालीन क्रमांक ११२, तटरक्षक दल १५५४. दोन्ही मोबाईलमध्ये आताच साठवा.