आडवाटेची गाडी आणि काटकसर

गेल्या वर्षी मधल्या सुटीत आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याच्या वहीचे मागचे पान आमच्या पाहण्यात आले. एखादी जुनी जीप भंगाराच्या भावाने घेऊन तिच्यापासून चिखलात, वाळूत आणि दगडगोट्यांत चालणारी गाडी कशी बनवावी, याचा आराखडा व खर्चाचा तक्ता त्या पानावर मांडलेला होता. मोठाले टायर, उंच उचललेला सांगाडा, अधिक शक्तीचे इंजिन, टपावर चार दिवे. प्रत्येक वस्तूपुढे रुपयांचा आकडा होता. चित्र इतके सुबक होते की आम्हांस त्या मुलाचे कौतुक वाटले. परंतु तक्ता दोनदा वाचूनही त्यात ‘ब्रेक’ हा शब्द आम्हांस कोठेही सापडला नाही.

आम्ही विज्ञान शिकविणारे, मिस्त्री नव्हे. तरीही त्या पानाने आमच्या मनात जो विचार उभा केला, तो विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. थोड्या पैशांत गाडी बनवू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. काटकसर नेमकी कोठे करावी आणि कोठे करू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, थोड्या साधनांत यंत्र उभे करण्याची बुद्धी ही मोठी संपत्ती आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. त्याच गावच्या दत्तात्रय लोहार यांनी आपल्या मुलाच्या हौसेखातर, जुने सुटे भाग जमवून, सुमारे ६०,००० रुपयांत जीपच्या आकाराची एक छोटी चारचाकी बनविली. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर प्रशंसा केली आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये तो बदल घडूनही आला. ही गाडी आडवाटेसाठी बनविलेली नव्हती. पण हातात कसब असले म्हणजे अल्प पैशांतही काय साधते, याचा तो उत्तम दाखला होय. मात्र त्याच प्रशंसेत महिंद्रा यांनी असेही म्हटले होते की, ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावर चालविण्यास मनाई करतील. कौतुकाचा भाग सर्वांच्या ध्यानात राहिला. हा दुसरा भाग फारसा कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या आराखड्याकडे वळू. त्याने पहिला खर्च मोठ्या टायरांवर धरला होता. समजा, मूळ चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर आहे आणि नवे चाक ४२ सेंटिमीटरचे बसविले. यंत्रशास्त्राचा साधा नियम असा की, आसाला मिळणारे पीळबल तेच राहिले तर त्रिज्या वाढेल त्या प्रमाणात जमिनीवरील ओढ घटते. येथे ती एक षष्ठांशाने घटली. म्हणून अधिक शक्तीचे इंजिन हवे झाले. इंजिनाची शक्ती वाढली की गिअरपेटी व आस यांवर ताण आला. तेही बदलणे आले. आणि जी गोष्ट ओढीची, तीच रोखण्याची. जुने ब्रेक तेवढ्याच जोराने दाबले तरी गाडी थांबविणारे बल एक षष्ठांशाने कमी पडणार. शिवाय जुन्या गाडीचा वेगदर्शक काटा चाकांच्या फेऱ्या मोजतो. तो ५० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल. एका बदलाने किती खर्चांना जन्म दिला, हे पाहावे. तक्त्यात मात्र टायरांची किंमत तेवढी लिहिली होती.

दुसरी गोष्ट उंचीची. दोन चाकांमधील अंतर १२० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर गणिताप्रमाणे ती गाडी आडव्या उतारावर ४५ अंशांपर्यंत कलंडणार नाही. सांगाडा उचलून व टपावर सामान चढवून गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर नेला, की ही मर्यादा ३९ अंशांखाली येते. हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात, एखादे चाक दगडावर चढते. म्हणून गाडी त्याच्याही कितीतरी आधी उलटते. आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. त्यास एक पैसाही लागत नाही, आणि हीच आमच्या मते पहिली काटकसर होय.

यावर कोणी म्हणेल, “गुरुजी, आधी गाडी चालू तर होऊ द्या, ब्रेकचे मग पाहू.” दुसरा म्हणेल, “मग गरिबाने अशी हौस करूच नये काय?” यांपैकी पहिला प्रश्न घाईचा आहे. दुसरा मात्र न्यायाचा आहे आणि त्याचे उत्तर आमच्या इंदूरजवळच मिळते.

धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे २००७ साली अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची ‘बाजा’ ही स्पर्धा भारतात प्रथम भरली. अमेरिकेत ती १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली होती. आडवाटेवर चालणारी एकआसनी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखावी, स्वतः बनवावी आणि तिच्या खर्चाचा हिशेबही सादर करावा, असे या स्पर्धेचे स्वरूप आहे; त्या हिशेबालाही गुण असतात. आणि इंजिन? अनेक वर्षे सर्व संघांना सारखेच, अवघ्या दहा अश्वशक्तीचे इंजिन दिले जात असे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे इंजिन साठ अश्वशक्तीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे हे इंजिन किती लहान होते ते कळेल. एवढ्या शक्तीवर ती गाडी चढ चढते, खाचखळग्यांतून जाते आणि शेवटी चार तासांच्या कसोटीलाही उतरते.

परंतु शर्यतीच्या आधी तपासणी असते, आणि तेथे कोणासही सवलत नाही. चालकाभोवतीच्या पोलादी पिंजऱ्याच्या मुख्य नळ्या २५ मिलिमीटर व्यासाच्या व ३ मिलिमीटर जाडीच्या, किंवा तेवढ्याच बळाच्या असाव्या लागतात. इंजिन तत्काळ बंद करणारी कळ चालकाच्या हाताशी एक आणि बाहेरील माणसाच्या हाताशी एक, अशी दोन ठिकाणी लागते. ब्रेक दाबताच चारही चाके जागच्या जागी थांबली पाहिजेत. नाही थांबली तर गाडी शर्यतीत उतरत नाही. म्हणजे तेथे काटकसर शक्तीत व वेगात केलेली आहे, माणसाच्या जीवात नव्हे. गरिबाच्या हौसेला हाच मार्ग आहे: गाडी लहान करावी, हलकी करावी, बुटकी करावी, सावकाश चालवावी, पण ती थांबली पाहिजे.

यावरून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. पहिला पैसा ब्रेकवर, दुसरा सुकाणूच्या सांध्यांवर, तिसरा पिंजऱ्यावर आणि आसनाच्या पट्ट्यांवर. त्यानंतर इंजिन व गिअर. दिवे आणि रंग सर्वांत शेवटी, उरले तर. भंगारातून पत्रा घ्यावा, आसनाचा सांगाडा घ्यावा, तपासून इंजिनही घ्यावे. परंतु ब्रेकच्या नळ्या, सुकाणूचे सांधे आणि पट्टे कधीही भंगारातले घेऊ नयेत. आणि सुकाणूचा तुटलेला दांडा वेल्डिंगने जोडून वापरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. चिखलात चाक फिरू लागले तर महागडे उपकरणच हवे असे नाही. टायरमधील हवा थोडी कमी केली की टायर जमिनीला अधिक लांब टेकतो आणि पकड वाढते. पक्क्या रस्त्यास लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. एक फावडे, एक दोर आणि हवा भरण्याचा पंप, एवढ्या सामग्रीवर पुष्कळ काम भागते.

रस्त्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. शिवाय चारचाकी चालविण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. हा कायदा कोणास जाचक वाटेल. परंतु रस्त्यावर आपल्यासोबत शाळेस जाणारी मुले असतात, भाजी घेऊन परतणाऱ्या आयाबहिणी असतात. आपल्या प्रयोगात सामील होण्याचे त्यांनी कधी कबूल केलेले नसते. प्रयोग शेतात करावा, बंद मैदानात करावा, वडीलधाऱ्यांच्या देखत करावा.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलाने असे पान दाखविले, तर ते फाडून टाकू नका आणि लाडाने लागलीच पैसेही देऊ नका. घरच्या जुन्या स्कूटरचे बंद पडलेले इंजिन त्यास खोलू द्या. ते पुन्हा जोडून झाल्यावर किती पेच उरले हे त्याला मोजू द्या. शाळेनेही आठवड्यातून दोन तास आणि एखादा अनुभवी मिस्त्री या कामासाठी उपलब्ध करून द्यावा, असे आम्ही येथे नम्रपणे सुचवितो. प्रमेये पाठ असलेल्या आमच्या मुलांना पान्याची ओळख नसावी, हे भूषणावह नाही.

ते वहीचे पान आम्ही त्या विद्यार्थ्यास परत केले. त्यावर लाल शाईने काही लिहिले नाही. तक्त्याच्या सर्वांत वर एक ओळ मोकळी ठेवून तो नव्याने मांडावा आणि त्या ओळीत काय लिहावे हे त्यानेच ठरवावे, एवढेच सांगितले. नवे पान आले की आम्ही ते आवडीने तपासू.