नाटकाच्या पेपरातून नट गेला कुठे?

विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभागाची बाजू मांडायची वेळ आली की आपल्याकडे एक ठरलेली यादी पुढे केली जाते. अमुक नट इथे शिकला, तमुक दिग्दर्शकाची सुरुवात इथे झाली, मालिकांमधले हे चार चेहरे आमचेच. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या विभागाबद्दलही हेच ऐकू येते, आणि ते विभागाच्या हितचिंतकांकडून ऐकू येते म्हणून अधिक खटकते. यादी ऐकणारा पालक लगेच विचारतो, 'बरं, बाकीच्या पोरांचं काय झालं?' त्यावर यादीपाशी उत्तर नसते. इतिहास विभागाने किती राजे घडवले असे आपण कधी विचारतो का?

मुळात प्रयोगाच्या अभ्यासाची गरज सर्वांत जास्त आहे ती आपल्याला, म्हणजे मराठी विभागांना. साहित्यशास्त्राच्या पेपरात आपण वर्षानुवर्षे भरताचे रससूत्र पाठ करून घेतो. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव. पुढे भट्टलोल्लट, श्रीशंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त हे चौघे ठरलेल्या क्रमाने येतात आणि प्रश्न सुटतो. हे सूत्र नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातले आहे. अनुभाव म्हणजे रंगमंचावर नटाच्या देहातून आणि वाणीतून प्रेक्षकाला जे प्रत्यक्ष दिसते-ऐकू येते ते, हे सांगायला मात्र आपण विसरतो. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार टिपणापुरते उरतात. ज्या ग्रंथावर आपली अर्धी मीमांसा उभी आहे, त्यातला नटच आपण बाहेर काढला आहे. मी एम. ए. केले त्या दोन वर्षांत एकही नाटक कुणी मोठ्याने वाचायला सांगितले नाही. नाटकाचा पेपर मात्र होता, आणि त्यात मला बरे गुणही मिळाले.

नाटकाचे राहू द्या, भारुडाचे घ्या. एकनाथांचे पैठण आपल्या जिल्ह्यात. 'विंचू' हे भारूड काम-क्रोधाचे रूपक आहे, हे उत्तर विद्यार्थी पाच गुणांसाठी डोळे मिटून लिहितो. मीही तसेच शिकवत होतो. एका वर्षी फुलंब्री तालुक्यातल्या एका गावचा मुलगा वर्गात होता. त्याचे आजोबा सप्ताहात सोंगी भारूड करत. मी त्याला म्हटले, करून दाखव. त्याने गळ्यातला रुमाल डोक्याला गुंडाळला, पाय धरून बसला आणि कळ पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात चढवत नेली. वर्ग हसून लोळत होता. विंचवाचे नाव घेण्यापूर्वी तो थांबला. नुसता थांबला. हसू हळूहळू विरले, आणि मग त्याने ते नाव उच्चारले. रूपक त्या थांबण्यात आहे, हे मला वयाच्या चाळिशीत त्या मुलाने शिकवले. छापील गाथेत त्या थांबण्याला जागा नाही. प्रश्नपत्रिकेत तर नाहीच नाही.

या तासाबद्दल शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार गेली आणि 'सदर उपक्रम अभ्यासक्रमात कोठे समाविष्ट आहे' अशी लेखी विचारणा मला झाली. असो.

'आम्ही साहित्य शिकवतो, तमाशा नव्हे' असे यावर म्हटले जाईल. म्हणणाऱ्यांनी रुस्तुम अचलखांब यांचे 'तमाशा लोकरंगभूमी' वाचावे. कमलाकर सोनटक्के यांच्यासारखा राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेला रंगकर्मी ज्या विभागाच्या उभारणीत होता, त्याच विभागात अचलखांबांनी अध्यापन केले. ज्या कलेला गावकुसाबाहेर ठेवले गेले, तिचा विचार अभ्यासविषय म्हणून करणारा माणूस विभागाला लाभला, हे माझ्या मते दहा तारे-तारकांहून मोठे श्रेय आहे. याच शहरात मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 1955 साली 'युगयात्रा' लिहिले. ते डॉ. आंबेडकरांसमोर सादर झाले आणि दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याचे नाव आरंभीच घेतले जाते. या नाटकाकडे केवळ संहिता म्हणून पाहिले तर ते भाबडे वाटेल. कोणत्या विद्यार्थ्यांनी, कोणत्या प्रेक्षकांपुढे ते उभे केले, हे कळल्यावाचून त्याची ताकद कळत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने काही बदलेल अशी भाबडी आशा मलाही होती. महाराष्ट्रातील पदवी आराखड्यात प्रयोगकला दिसतात खऱ्या, पण सह-अभ्यासक्रमाच्या कप्प्यात, योग, क्रीडा, एन.एस.एस., एन.सी.सी. यांच्या शेजारी. तिकडे अध्यापक व्हायचे तर नेट. नाटकाचीही नेट संगणकावर पर्याय निवडून द्यायची. आवाज कसा लावावा, हे चार पर्यायांतून निवडता येते म्हणे!

नोकरीचा प्रश्न खोटा नाही, तो टाळणारही नाही. फुलंब्रीहून एस.टी.ने विद्यापीठात येणाऱ्या मुलाला वडील 'नाटक शिकून पोट भरेल का' असे विचारतात, तेव्हा ते अडाणीपणा करत नसतात. शाळेत चित्रकलेचा शिक्षक असतो. नाटकाचा शिक्षक किती गावांनी पाहिला आहे? पण ही पदे निर्माण व्हावीत म्हणून भांडायचे कुणी? नाटकाचा अभ्यास म्हणजे मुंबईचे तिकीट असे आपणच सांगत राहिलो, तर तालुक्याच्या शाळेत त्याची गरज आहे हे सरकारला कोण पटवणार?

माझी मागणी साधी आहे. एम. ए. मराठीच्या नाटकाच्या पेपरात शंभरपैकी किमान तीस गुण सादरीकरणाला असावेत: एक प्रवेश, एक भारूड किंवा वगाचा एखादा भाग, आणि त्यानंतर आपण तो तसा का केला याची तोंडी मीमांसा. अभ्यास मंडळात पहिला आक्षेप काय येईल हे मला ठाऊक आहे: हे गुण देणार कोण, मराठीच्या प्राध्यापकाला अभिनयातले काय कळते? बरोबर आहे. नाट्यशास्त्र विभाग त्याच आवारात आहे, तिथून परीक्षक बोलवा.