आकडा नव्हे, सूत्र हाती हवे

पीक संरक्षणाच्या शिफारशींमध्ये आर्थिक नुकसानीची पातळी हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग, अथवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले किंवा हिरवी बोंडे, हे निकष विस्तार कार्यकर्त्यांना मुखोद्गत असतात. असे आकडे घडीपत्रिकांत छापले जातात आणि शेतीशाळांत सांगितले जातात. मात्र आकडा ज्या सूत्रातून निघतो ते सूत्र पत्रिकेपर्यंत क्वचितच पोहोचते. उत्तर हाती असते, पण ते उत्तर कोणत्या गृहीतकांवर उभे आहे हे तपासण्याचे साधन हाती नसते. शेती सल्ल्याचा कारभार संगणकाकडे वेगाने सरकत असताना ही उणीव किरकोळ मानून चालणार नाही.

१९५९ मध्ये स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या शास्त्रज्ञांनी एकात्मिक नियंत्रणाची संकल्पना मांडताना आर्थिक नुकसान पातळीची व्याख्या केली. पुढे रूढ झालेले तिचे गणित अवघड नाही. नियंत्रणाचा खर्च वर, आणि बाजारभाव, प्रत्येक किडीमुळे होणारी घट व उपायाची परिणामकारकता यांचा गुणाकार खाली. समजा, एकरी फवारणीचा खर्च ८०० रुपये आहे, मालाचा भाव किलोस ४० रुपये आहे, झाडामागे एक अळी असल्यास एकरी १० किलो उत्पादन घटते आणि फवारणीने त्यातील ८० टक्के घट वाचते. अशा स्थितीत पातळी झाडामागे २.५ अळ्या इतकी येते. भाव ५० रुपयांवर गेला की तीच पातळी २ वर उतरते. म्हणजे पातळी ही दगडावरची रेघ नव्हे; ती बाजाराबरोबर आणि मजुरीबरोबर हलते. छापील आकडा मात्र वर्षानुवर्षे जागचा हलत नाही.

येथेच चिन्हात्मक गणित करणाऱ्या संगणकप्रणालीचे महत्त्व जाणवते. साधे गणनयंत्र संख्या घेते आणि संख्या देते. चिन्हात्मक प्रणाली अक्षरांवर काम करते. भाव, खर्च, घट यांना अक्षरे देऊन ती सूत्र सोडवते, सोपे करते, त्याचे विकलन व संकलन करते. एक तृतीयांशाला ०.३३३३ असे तोडून न टाकता एक तृतीयांशच ठेवते. भावात झालेल्या बदलाने पातळी किती हलेल, हा प्रश्न तिला थेट विचारता येतो. अशा प्रणालींपैकी ‘सिम्पाय’ हे पायथन भाषेतील मुक्तस्रोत ग्रंथालय सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. चेक प्रजासत्ताकातील ओंद्रेय चेर्तीक यांनी २००५ मध्ये त्याचा आरंभ केला. २०११ पासून आरोन म्यूरर यांच्याकडे नेतृत्व आले. २०१७ मध्ये ‘पीअरजे कॉम्प्युटर सायन्स’ या नियतकालिकात त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत अनेक भारतीय नावे आहेत. त्याचा परवाना इतका उदार आहे की विद्यापीठ, शासकीय विभाग वा खासगी कंपनी यांपैकी कोणीही ते वापरू शकते, बदलू शकते आणि आपल्या साधनात गुंफू शकते.

कीटकशास्त्रातील अंश-दिवसांचे उदाहरण घेतले तर या साधनाचा उपयोग अधिक स्पष्ट होतो. किडीची वाढ तापमानावर अवलंबून असते. दिवसाच्या कमाल व किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून आधारभूत तापमान वजा करणे, ही प्रचलित रीत. उत्तर भारतातील एखाद्या हिवाळी दिवशी कमाल २४, किमान ६ अंश सेल्सिअस आणि किडीचे आधारभूत तापमान १२ अंश धरले, तर या रीतीने ३ अंश-दिवस मिळतात. परंतु रात्री पारा १२ च्या खाली असताना कीड उलटी वाढत नाही. तिची वाढ केवळ थांबते. तापमानाचा चढउतार ज्या-वक्राने मांडून आधाररेषेच्या वरचे क्षेत्रफळ काढले, तर उत्तर सुमारे ४.५ येते. अशा १० दिवसांत एका रीतीने ३० आणि दुसऱ्या रीतीने ४५ अंश-दिवस जमा होतात. पतंग बाहेर पडण्याचा अंदाज त्यामुळे कित्येक दिवसांनी चुकू शकतो, आणि सापळे लावण्याची वेळ निघून गेल्यावर मिळालेला सल्ला निरुपयोगी ठरतो. क्षेत्रफळाचे हे सूत्र संकलनाने सिद्ध करावे लागते. ती सिद्धता चिन्हात्मक प्रणालीत पायरीपायरीने मांडता येते आणि दुसऱ्या कोणालाही ती पुन्हा करून पाहता येते. बंद भ्रमणध्वनी उपयोजनात मात्र कोणती रीत वापरली आहे, हे शेतकऱ्याला कळायला वाव नसतो.

अर्थात सूत्र खुले असले म्हणजे सल्ला अचूक झाला, असे नव्हे. प्रत्येक अळीमागे होणारी घट प्रयोगक्षेत्रावर नीट मोजली नसेल, तर उत्तम प्रणालीही चुकीचे उत्तर काटेकोरपणे देईल. शेतातील निरीक्षणाला पर्याय नाही. खुलेपणाचा लाभ एवढाच की चूक कोठे आहे, सूत्रात की मोजणीत, हे शोधता येते.

असे ग्रंथालय आपोआप उभे राहत नाही. पूर्वी गावोगाव इर्जिक घालत. एकाच्या शेतात शेजारीपाजारी आपापले बैल, औत घेऊन येत आणि दिवसात नांगरट उरकत. सिम्पायची उभारणी बरीचशी याच रीतीने झाली आहे. कोणी त्रुटी नोंदवतो. कोणी आज्ञावलीची स्वतंत्र प्रत घेऊन दुरुस्ती करतो, ती दुरुस्ती खरोखर चालते हे दाखवणारी चाचणी लिहितो आणि गिटहबवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुरुस्ती सामावून घेण्याची विनंती, सादर करतो. जाणकार ती वाचतात, शंका काढतात, सुधारणा सुचवतात. समाधान झाल्यावरच ती मूळ प्रवाहात मिसळते. योगदान देणाऱ्याचे नाव प्रकल्पाच्या लेखकसूचीत नोंदले जाते. नवख्यांसाठी सोप्या दुरुस्त्या वेगळ्या खुणेने दाखवलेल्या असतात.

या प्रक्रियेतून अंगी बाणणारी शिस्त संशोधकाला उपकारक आहे. क्ष च्या वर्गाचे वर्गमूळ किती, या प्रश्नाला सिम्पाय लगेच क्ष असे उत्तर देत नाही. कारण क्ष ऋण असेल तर ते उत्तर चुकेल. क्ष धन आहे असे आधी सांगितले, तरच ते उत्तर मिळते. किडींची संख्या ऋण नसते हे माणसाला सांगावे लागत नाही, यंत्राला सांगावे लागते. न बोललेली गृहीतके बोलून दाखवण्याची ही सवय शिफारस लिहिणाऱ्या प्रत्येकास हवी.

२००७ पासून ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमातून अनेक विद्यार्थी सिम्पायकडे आले आणि त्यांत भारतीयांचा वाटा लक्षणीय राहिला. संगणक, अभियांत्रिकी, गणित व भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही वाट परिचयाची आहे. कृषिशाखेला तिची ओळख फारशी नाही. कृषी पदवीधराने मुक्त साधने वापरावीत आणि घडवावीत मात्र इतरांनी, ही विभागणी योग्य नव्हे. अंश-दिवस, यजमान आणि परोपजीवी यांचे समीकरण, आर्थिक पातळी अशी शेतीतील उदाहरणे घेऊन सोपे मार्गदर्शन लिहिणे हे कृषिशास्त्रज्ञच उत्तम करू शकतात. आज्ञावली लिहिता न येणाऱ्यासही दालन मोकळे आहे. वापरताना उत्तर चुकले, तर त्याची नेमकी नोंद करणे हेही योगदानच होय. ‘पिकाला कीड लागली आहे’ एवढ्या निरोपावरून कीटकतज्ज्ञ निदान करू शकत नाही. त्याला कुपीतील नमुना, पीक, ठिकाण, तारीख हवी असते. त्याचप्रमाणे ‘प्रणाली चालत नाही’ ही तक्रार व्यर्थ असते. काय दिले, काय मिळाले, काय मिळायला हवे होते आणि कोणती आवृत्ती वापरली, एवढे लिहिले तर ती नोंद मोलाची ठरते.

मात्र योगदानाच्या उत्साहालाही मर्यादा हवी. केवळ नाव नोंदले जावे म्हणून स्वल्पविराम बदलणाऱ्या अथवा न समजलेली आज्ञावली चिकटवणाऱ्या विनंत्या पाठवल्या, तर त्या तपासण्यात स्वयंसेवकांचा वेळ जातो. इर्जिकीला येऊन केवळ पंगतीला बसणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नसे. एकच दुरुस्ती असावी, पण ती समजून केलेली आणि चाचणीसह असावी.

संशोधन संस्थांनी व कृषी विद्यापीठांनी या संदर्भात तीन गोष्टी कराव्यात. पहिली, प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक आर्थिक पातळीसोबत तिचे सूत्र, गृहीतके आणि गणनेची आज्ञावली खुली ठेवावी. दुसरी, पदव्युत्तर अभ्यासात संख्याशास्त्राच्या जोडीला चिन्हात्मक गणिताची तोंडओळख करून द्यावी. तिसरी, मुक्तस्रोत प्रकल्पाने स्वीकारलेले योगदान शास्त्रज्ञाच्या मूल्यमापनात कामगिरी म्हणून धरावे. आज शोधनिबंधाला गुण मिळतात, पण त्या निबंधाचा आधार असलेल्या साधनाची डागडुजी करणारा मोजदादीत येत नाही. ज्याची नोंद होत नाही, ते काम हळूहळू कोणीच करीत नाही.

विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतशील शेतकरी यांची भूमिकाही कमी महत्त्वाची नाही. एखादे उपयोजन फवारणीचा इशारा देते, तेव्हा ‘हा आकडा कसा काढला?’ असे त्यांनी अवश्य विचारावे. बियाणे घेताना पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचण्याची सवय लागायलाही काळ गेलाच. सल्ल्याच्या बाबतीतही तीच चौकसपणा आता अंगी यायला हवा. फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि चुकलेल्या फवारणीचे परिणाम त्याच्याच शेतातील मित्रकिडी भोगतात. म्हणून त्या निर्णयामागचे गणित पाहण्याचा पहिला हक्कही त्याचाच आहे.