ओटा नेमका कुणासाठी?

"घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून" ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लग्नाचा अनुभव मला नाही (बॅकलॉग निघाल्याशिवाय घरचे तो विषय काढणारही नाहीत!), पण घराचा मात्र आला. २०२४ च्या उन्हाळ्यात आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावी बाबांनी जुनं कवेलूचं घर उतरवलं आणि स्लॅबचं घर बांधायला घेतलं. मी सिव्हिलचा विद्यार्थी, त्यामुळे घरात माझा भाव एकदम वधारला. "इंजिनिअर सायेब, सळाख किती एमएमची?" असं गावातले काका-मामा थट्टेनं विचारायचे आणि मीही छाती फुगवून उत्तर द्यायचो.

त्या फुगलेल्या छातीतली हवा स्वयंपाकघराच्या ओट्याने काढली. त्याचीच ही गोष्ट आणि त्यावरून बनलेलं माझं मत.

ओट्याचा दगड घ्यायला बाबा, मिस्त्री आणि मी असे तिघे दुकानात गेलो. आई त्या वेळी अंगणात तीन विटांच्या चुलीवर मजुरांसाठी भात रांधत होती. तिला सोबत न्यावं, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. दुकानदाराने आधी पांढरीशुभ्र क्वार्ट्झची पाटी दाखवली. बाबा हरखले. भाव ऐकल्यावर मात्र आम्ही मुकाट्याने काळ्या ग्रॅनाईटकडे वळलो. "काळ्यावर घाण दिसत नाही," मिस्त्री म्हणाला. "चमक पाहा, आरशासारखी," मी म्हणालो. झाला सौदा! ओट्याची उंची किती ठेवायची, हे तर कुणी विचारलंच नाही. मिस्त्री सगळीकडे तीन फूट टाकतो, आमच्याकडेही त्याने तीन फूटच टाकली.

गृहप्रवेश झाला. पाहुण्यांनी ओट्यावर हात फिरवून वाहवा केली. मी हॉस्टेलला परत आलो. दिवाळीत घरी गेलो तेव्हा पाहिलं, तर आई ओट्यापुढे लाकडी पाट टाकून त्यावर उभी राहून स्वयंपाक करत होती. भात पसवायचा की उकळता गंज दोन्ही हातांनी धरून ती पाटावरून मागे उतरायची. मी विचारलं, "अगं, हे काय?" ती शांतपणे म्हणाली, "ओटा चांगलाच आहे रे बाबू. मले कोनी इचारलं असतं तर सांगतली असती."

मित्रांनो, त्या रात्री मी टेप घेऊन बसलो. आईची उंची ४ फूट ११ इंच. हात कोपरात वाकवला की कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर येतं. ओटा ३६ इंच. त्यावर गॅसची शेगडी साधारण ५ इंच, त्यावर गंज ८ इंच. बेरीज ४९ इंच! म्हणजे गंजाचं तोंड आईच्या खांद्याच्या वर. कामाचा पृष्ठभाग कोपराच्या ४ ते ६ इंच खाली असावा, हा अगदी साधा ठोकताळा आहे. आईसाठी तो ३१ ते ३३ इंच होतो आणि शेगडीची जागा त्याहूनही खाली हवी. बीमचं बेंडिंग मोमेंट मी पानभर काढतो, पण ही दोन ओळींची बेरीज मला सुचली नाही.

जरा मागे गेलं की हे असं का होतं ते कळतं. आपल्याकडे स्वयंपाक बसून व्हायचा. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, कणीक भिजवायची तीही मांडी घालून. गॅस आला तसा ओटा आला, कारण शेगडी सिलिंडरपेक्षा वर असावी लागते. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर तर गावोगावी मातीच्या घरातही छोटा ओटा दिसू लागला. आजीच्या काळात चुलीची उंची, आवलाची जागा बाईच ठरवायची, कारण माती तिच्याच हाताने लिंपली जायची. ओटा आला आणि मोजमाप मिस्त्रीकडे, दगडाची निवड घरातल्या पुरुषांकडे गेली. काम मात्र जिचं होतं तिच्याकडेच राहिलं. माझी पहिली तक्रार हीच आहे.

आता दगडाबद्दल. सुटीत वाचून, दुकानांत हिंडून जे कळलं ते सांगतो. उद्या तुमच्याही घरी "तू तर इंजिनिअरिंगला आहेस, तूच सांग" असा प्रसंग येणारच आहे.

आपल्याकडचा जुना आणि स्वस्त दगड म्हणजे कडाप्पा. नाव आंध्रातल्या कडप्पा गावावरून आलेलं. तो आणि कोटा दोन्ही चुनखडकाच्या जातीचे. संगमरवरही मुळात चुन्याच्याच घराण्यातला. यांचं वैर आंबटाशी. लिंबू, चिंच, टमाटर सांडून तसंच राहिलं की तिथली चमक जाते आणि पुसट डाग कायमचा बसतो. संगमरवराचा काठिण्यांक ३ च्या आसपास, आपली सुरी साडेपाचच्या आसपास. म्हणजे त्यावर थेट सांबार चिरला तरी ओरखडे पडणार. ग्रॅनाईटमधला फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७, म्हणून त्याला सुरी किंवा लिंबू फारसं काही करू शकत नाही. गरम कढई ठेवली तरी तो सहसा दाद देत नाही.

दुकानात परीक्षा घेणं सोपं आहे. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं गप्पा मारा. पुसल्यावर चमक गेली तर तो चुनखडकाच्या जातीचा. काळा ग्रॅनाईट घेताना पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घेऊन घासा. फडकं काळं झालं तर करड्या दगडाला रंग चढवलेला आहे असं समजा. आणि सिंकसाठी जे भोक पाडतात, त्याचे कोपरे गोल ठेवायला सांगा. दगड दाबाला भक्कम, ताणाला कच्चा. काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच निघतो. (स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन! एकदा तरी सिलॅबस घरी उपयोगी पडला.)

एक गंमत सांगतो. ज्या आमगावच्या बाजारातून आम्ही परराज्यातला दगड उचलून आणला, त्या आमगावचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकात आहे. आपल्या भागातल्या अतिप्राचीन पट्टेदार खडकाला 'आमगाव नाईस' म्हणतात आणि त्याचं वय दोनशे कोटी वर्षांहून जास्त आहे. आपण रोज इतक्या जुन्या दगडावर चालतो. आणि दुकानात जो 'जेट ब्लॅक ग्रॅनाईट' मिळतो, तो भूशास्त्राच्या हिशेबाने बहुधा ग्रॅनाईट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराईट जातीचा असतो, त्यात क्वार्ट्झ अगदी थोडं. हा फरक मला आधी पुस्तकी वाटला होता. तो किती महत्त्वाचा आहे हे आमच्या अंगणातल्या एका आठवणीने कळलं.

आमचा ओटा कापायला एक भाऊ आला होता, माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. तोंडाला दुपट्टा, हातात कटर. कोरडाच दगड कापत होता. धूर उठावा तशी धूळ उठली. तुळस पांढरी झाली, त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. मी म्हटलं, "भाऊ, पाणी मारत नाही का?" तो हसला. "पाणी मारलं तर शॉक लागते ना, न् लाईनही दिसत नाही." मी मान डोलावली आणि आत जाऊन खिडकी लावून घेतली. इंजिनिअर सायेबांनी एवढंच केलं.

दगडाच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे जे कण फुप्फुसात खोलवर जातात, ते केसाच्या जाडीच्या मानाने दहा-पंधरा पट बारीक असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. दुपट्टा त्यांना अडवत नाही. ते फुप्फुसात रुतून बसतात, तिथे व्रण होतात आणि श्वास हळूहळू कमी होत जातो. त्याला सिलिकोसिस म्हणतात. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या मजुरांना याच आजाराने ग्रासलं होतं. आपण शाळेत ज्या पेन्सिलीने अ-आ-इ गिरवलं, त्यासाठी कुणाचा तरी श्वास खर्च झाला. राजस्थानात खाणमजुरांमध्ये हा आजार इतका आहे की त्या सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणलं.

आता बाबांना आवडलेली ती पांढरी पाटी. क्वार्ट्झचा ओटा म्हणजे खाणीतून निघालेला अखंड दगड नाही. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये दाबून तो कारखान्यात बनवतात. दिसायला देखणा, पाणी पीत नाही, डाग धरत नाही, हे सगळं खरं. पण रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढे टिकत नाही आणि आपली तळणाची कढई १८० अंशांवर असते. ती थेट ठेवली की पिवळा चट्टा ठरलेला. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. ग्रॅनाईटमध्ये सिलिका ढोबळमानाने एक तृतीयांश, संगमरवरात अगदी थोडी, पण या बनावट दगडात ती ९० टक्क्यांहून जास्त असू शकते. हे दगड कापणाऱ्या तरुण कामगारांना काही वर्षांतच सिलिकोसिस होऊ लागला, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांचं उत्पादन, विक्री आणि बसवणं बंद केलं. असं करणारा तो पहिला देश. आमच्या अंगणात कटर फिरला त्यानंतर जेमतेम महिन्याभराने!

कुणी म्हणेल, "मग कमी सिलिकाचे नवे प्रकार आलेत की." आले आहेत, चांगलंच आहे. पण दुकानात विचारून पाहा, पाटीत सिलिका किती? मी तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी मला डिझाईनचं पुस्तक दाखवण्यात आलं. कुणी असंही म्हणेल, "गरिबाच्या हातचं काम का काढून घेता?" काम काढून घ्यायचं नाहीच. फक्त पद्धत बदलायची आहे. ओट्याचं माप आणि पुठ्ठ्याचा नमुना घेऊन दगड यार्डातच, पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या मशीनवर कापून आणायचा. सिंकचं भोक, कडेची गोलाई सगळं तिथेच. घरी राहिलाच तर एखादा काठ. तो भाऊ म्हणाला तेही खोटं नव्हतं. साध्या हातकटरवर पाणी ओतलं तर शॉकचा धोका आहेच. त्यासाठी पाण्याची सोय असलेलं यंत्र आणि लाईनवर ईएलसीबी लागतो. आणि दुपट्ट्याऐवजी निदान एन-९५ मास्क. लाखोंच्या घरात दोन-चारशे रुपयांचे मास्क जड नाहीत.

म्हणून माझं मत सरळ आहे. ओट्याचा दगड ठरवताना दोनच माणसांचा विचार आधी करावा, जी त्यावर रोज उभी राहणार ती आणि जो तो कापणार तो. पाहुणे तिसरे. आज आपण नेमकं उलटं करतो. ज्याला त्यावर ना पोळी लाटायची आहे, ना त्याची धूळ गिळायची आहे, तोच सगळं ठरवतो. आणि त्यात मी होतो, हे कबूल करतो.

आमच्या घरी पुढे काय झालं? तीन फुटांचा ओटा तोडणं परवडणारं नव्हतं. पण खिडकीजवळच्या भिंतीला शेगडीपुरता अडीच फूट लांबीचा वेगळा ओटा केला. या वेळी आई कोपर वाकवून उभी राहिली आणि मिस्त्रीने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, २८ इंच. दगड आईने निवडला. मी ग्रॅनाईट म्हणत होतो, तिने कडाप्पा घेतला. "ट्यूबलाईट चमकत नाही यात, डोळ्याले बरं वाटते. न् लिंबाचा डाग पडला तं पडू दे, माहाच ओटा आहे." माझ्या काठिण्यांकाला उत्तर मिळालं होतं. दगड यार्डात पाण्यावर कापून आणला. पाट आता देवघरात गेला आहे.

आपल्या मेसमध्ये उद्या ताट घेताना काउंटरच्या आत जरा डोकावून पाहा. पोळ्या लाटणाऱ्या मावशींचं कोपर कुठे आहे आणि ओटा कुठे आहे? रेक्टर सर आणि मेस कमिटीने हे वाचलं तर फारच छान. एक टेप आणि दहा मिनिटं पुरतील. आणि या सुटीत घरी गेलात की आईला ओट्यापाशी उभं करा, हात वाकवायला सांगा आणि मोजा. काय निघेल ते निघेल, पण निदान तिला कुणीतरी विचारलं असं होईल.