फडकं नळाला, अळ्या टाक्यात



आपल्यातल्या कुठल्याही घरी जा, स्वयंपाकघरातल्या नळाला दुहेरी पांढरं फडकं बांधलेलं दिसेलच. रोज धुतलेलं, उन्हात वाळवलेलं. आलेली बाई त्यावरूनच घर ओळखते. आता त्याच घराच्या मागच्या अंगणात चला. तिथे पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. चार-पाच वर्षांपूर्वी हौसेने बांधलेलं. त्याच्या ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीतून बाहेर आलाय आणि त्याचं तोंड उघडं आहे. चार इंची भोक. त्यातून डास आत शिरतो, अंडी घालतो, दोन-तीन दिवसांत टाक्यात अळ्या वळवळायला लागतात. मग कोणीतरी झाकण उघडतं, "अगं बाई!" म्हणतं आणि औषधाची बाटली शोधतं.

सांगा, त्या फडक्याने आपण कोणाला वाचवलं?

हे गाळणं आता नुसता देखावा झालाय असं माझं मत आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल रागवावं. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात जलगालन श्रावकाच्या आठ मूलगुणांत धरलंय. तेराव्या शतकात श्रावकाच्या घरी पाणी विहिरीतून, नदीतून येई. घागरीपासून तोंडापर्यंत एकच टप्पा, तिथे फडकं धरलं की काम झालं. आज पाणी छतावरून पन्हळीत, पन्हळीतून पाइपात, तिथून टाक्यात, मोटरने वर आणि मग नळात येतं. इतक्या वाटेवर आपण फक्त शेवटच्या वीतभर जागेची काळजी घेतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते. उघडा पाइप माहीत असून तसाच राहू देणं याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

काही जणींचं उत्तर तयार असतं: "म्हणूनच आम्ही टाकं वापरत नाही, बोअर आहे ना." बरं, बोअरचं बघू. आपला यवतमाळ जिल्हा भूजलातल्या फ्लोराईडसाठी वर्षानुवर्षं ओळखला जातो. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५, अशी भारतीय मानक आहे. त्यापुढे वर्षानुवर्षं प्यायलं तर आधी लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, मग हाडं धरतात. हे फ्लोराईड फडक्याने गाळलं जात नाही. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं, म्हणजे घट्ट होतं. ज्या घरात पक्कं पाणी श्रद्धेने उकळून पितात, त्या घराला हे कोणी सांगितलंय का? आपल्या बोअरचं पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या, मग बोला. पावसाच्या पाण्यात फ्लोराईड जवळजवळ नसतंच.

आणि जिवाणीचं काय? गाळून झाल्यावर फडक्यातले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे, हा गाळण्याचा दुसरा अर्धा भाग. मुनींच्या चौक्याला विहिरीचंच पाणी लागतं ते याचसाठी. सहा इंची बोअरमध्ये, मोटर आणि पाइप सोडलेल्या नळीत जिवाणी सोडणार कशी? टाक्याचं झाकण मात्र उघडतं. तळाच्या कडीला दोरी बांधलेली ती छोटी बादली पाण्याला टेकवून उपडी करता येते. चौक्याला टाक्याचं पाणी चालेल का, ते महाराजांना विचारा. मी रोजच्या घरापुरतं बोलतेय.

२०१८ चा उन्हाळा आठवतो ना? यवतमाळचे निळोणा आणि चापडोह आटले, शहर टँकरवर आलं. आपण कळंबचे लोक तेव्हा "आपलं बरं आहे" म्हणत होतो. चिंतामणीच्या कुंडाचं पाणी वर चढलं की अख्खा तालुका दर्शनाला लोटतो आणि आपल्या छतावरचं पाणी नालीत जातं, त्याच्याकडे कोणी मान वळवून बघत नाही. साधा हिशेब करा. ६५० चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे ६० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर ६० लिटर पाणी येतं. आपल्याकडे वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पडतो. म्हणजे ५४,००० लिटर. उडून-सांडून पाचवा हिस्सा गेला तरी ४३,००० लिटर हाती येतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ५० लिटर धरले, तर पाऊस गेल्यापासून मृगापर्यंतच्या आठ महिन्यांना १२,००० लिटर पुरतात. राहिलेलं विहिरीत सोडा, शोषखड्ड्यात सोडा.

आता छतापासून खाली येऊ, कारण घाण तिथेच सुरू होते. कबुतरांना दाणे टाकणं आपल्याकडे पुण्य. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढा वाद झाला, त्यात मला पडायचं नाही. पण ज्या छतावर दाणे टाकता त्याच छताचं पाणी पिण्यासाठी साठवता, हे चालणार नाही. दोन्हींपैकी एक करा. दाणे टाकायचेच तर अंगणाच्या कोपऱ्यात ओटा करा.

पहिला पाऊस टाक्यात घ्यायचा नाही, हे जुन्या बायकांना ठाऊक होतं. मृगाचं पहिलं पाणी त्या सोडून देत. आता ते काम पाइपाने करायचं. खाली उतरणाऱ्या पाइपाला टाक्याच्या आधी एक टी बसवायची. तिची एक फांदी खाली जाते आणि तिच्या तळाला झाकण असतं. धूळ, विष्ठा, पानं घेऊन येणारं पहिलं पाणी त्या फांदीत भरतं, ती भरली की मगच पुढचं पाणी टाक्याकडे वळतं. ६० मीटरच्या छताला निदान ६० लिटर सोडावे लागतात, छत घाणेरडं असेल तर दुप्पट. सहा इंची पाइपाच्या एका मीटरात साडेसतरा लिटर मावतं, म्हणजे साडेतीन मीटर फांदी हवी. बैठ्या घराला एवढी उंची नसते, तिथे २०० लिटरचा ड्रम लावा. प्लंबर हातभर फांदी लावतो आणि "झालं वहिनी" म्हणून पैसे घेऊन जातो. आणि हो, तळाचं झाकण प्रत्येक पावसानंतर उघडून रिकामं करायचं, नाहीतर पुढच्या पावसाला ती फांदी आधीच भरलेली असते आणि सगळी घाण सरळ आत जाते. झाकणाला बारीक भोक ठेवलं तर आपोआप निथळतं, पण गाळ हातानेच काढावा लागतो.

वाळू-खडीच्या फिल्टरबद्दल फार लिहीत नाही. पावसाळ्याआधी वरची वाळू काढून धुवा, एवढंच.

टाक्यात पाणी आणणारा पाइप तळापर्यंत न्यावा आणि त्याचं तोंड वर वळवावं, म्हणजे पाणी तळाचा गाळ उसळवत नाही. बाहेर नेणारा पाइप तळापासून वीतभर वर. तळाला सगळ्यात खोल जागी एक धुण्याचा कॉक. ओव्हरफ्लो मात्र येणाऱ्या पाइपाएवढा तरी जाड हवा. येणारा चार इंची आणि जाणारा दीड इंची असं मी कितीतरी घरी पाहिलंय. जोराचा पाऊस आला की पाणी झाकणाखालून बाहेर येतं आणि परत जाताना अंगणातली माती घेऊन जातं. ओव्हरफ्लोचं तोंड नालीत बुडवू नका, जमिनीपासून फूटभर वर ठेवा. त्यावर स्टीलची बारीक जाळी, छिद्र एक मिलिमीटरपेक्षा मोठं नको. प्लास्टिकची जाळी आपल्याकडच्या उन्हात एका वैशाखात कडक होऊन तुटते. जाळी तोंडावर ताणून न लावता पिशवीसारखी लावा, म्हणजे चार पानं अडकली तरी वाट बंद होत नाही. हवेच्या नळीचं तोंड खाली वळलेलं आणि त्यावरही जाळी. झाकणाची फट बंद. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, आणि शेवाळात अनंत जीव असतात हे आपल्याला पाठशाळेत शिकवलंय. कंदमूळ न खाणाऱ्या घरात टाक्यात शेवाळ!

नळयोजनेचं पाणी त्याच टाक्यात घेत असाल, तर तो पाइप ओव्हरफ्लोच्या वरच संपला पाहिजे, पाण्यात बुडलेला नको. नाहीतर नळ गेल्यावर टाक्यातलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं.

गप्पी माशांचा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. आरोग्य खात्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे, उघड्या हौदांना, डबक्यांना ते मासे उपयोगी पडतात. पण "आम्ही औषध टाकत नाही, मासे सोडतो" असं अभिमानाने सांगणाऱ्या श्राविकेला मी काय म्हणू? अळ्या तिच्या हातून मरत नाहीत, माशाच्या तोंडातून मरतात, एवढाच फरक. जाळीला मासा लागत नाही, औषधही लागत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती टाकं धुण्याच्या दिवशी. टाकं धुवायला मजुरीवरचा पोरगा बोलावतात, झाकण काढतात आणि लगेच आत उतरवतात. बंद टाक्यात प्राणवायू कमी असू शकतो, माणूस दोन मिनिटांत बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. दरवर्षी अशा बातम्या पेपरात येतात. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवासाठी फडकं धुणारी बाई त्या पोराला दोरीसुद्धा बांधायला सांगत नाही! आदल्या रात्रीपासून सगळी झाकणं उघडी ठेवा, पंखा लावून हवा खेळवा, वर दोन माणसं उभी ठेवा. कंबरेला दोर बांधा. इंजिनचा पंप आत उतरवू नका, त्याचा धूर जीव घेतो. मोटरची वीज आधी तोडा. आणि खरं सांगू का, धुण्याचा कॉक नीट जागी बसवलेला असला, तर नारळाच्या काथ्याचा लांब दांड्याचा ब्रश वरूनच पुरतो, आत उतरायची वेळ क्वचित येते. तळाचं शेवटचं पाणी फडक्यातून गाळून झाडांना घाला.

"पाइपांचं बायकांना काय कळतं?" हे वाक्य मी घरोघरी ऐकते, आणि ते बायकाच जास्त म्हणतात. मोटर हवा धरते तेव्हा वरून तांब्याने पाणी कोण ओततं? आपणच. फूट व्हॉल्व्हचं वायसर गेलंय हे आपल्याला ओतता ओतता कळलेलं असतं, फक्त नाव ठाऊक नसतं. पर्युषणाची तयारी महिनाभर आधी सुरू करणाऱ्या बाईला तीन जाळ्या, एक झाकण आणि दोन कॉक सांभाळता येत नाहीत, यावर माझा विश्वास नाही.

उद्या सकाळी विजेरी घेऊन टाक्यापाशी जा. झाकण उघडून पाच मिनिटं थांबा आणि पाण्यावर उजेड तिरका धरा. अळी असेल तर उजेडाला घाबरून खाली जाताना दिसते. मग ओव्हरफ्लोच्या तोंडात बोट घालून बघा. जाळी लागली नाही, तर प्लंबर येईपर्यंत स्वयंपाकघरातलं फडकं सोडून तिथे बांधा.