तेल दिसलं तिथंच दोष असतो का?

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि हयातभर शाळेत व्याकरण शिकवलेल्या माणसानं मोटारीच्या टर्बोवर लिहावं, हे जरा जास्तच आहे, याची मला जाणीव आहे. पण २०२३च्या दिवाळीनंतर मी या विषयाचा जेवढा अभ्यास केला तेवढा बी.ए.ला केला असता, तर फर्स्ट क्लास नक्की मिळाला असता! तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

झालं असं. आमच्याकडे २०१४ साली घेतलेली एक डिझेल गाडी आहे. दिवाळी करून पुण्याहून, मुलाकडून साताऱ्याला परत येताना घाटात गाडीनं निळसर धूर सोडला. दुसऱ्या दिवशी मी ती एका मोठ्या, चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या मुलानं इंजिनाकडे हवा नेणारी नळी काढली, आत बोट फिरवलं आणि तेलानं माखलेलं बोट माझ्यासमोर धरलं. "काका, टर्बो गेला." खर्च चाळीस हजारांच्या घरात. पेन्शनरला चाळीस हजार म्हणजे काय, ते पेन्शनरच जाणे. हवेच्या वाटेत तेल सापडलं होतं, आणि टर्बोला तेल लागतं. म्हणजे चोर सापडलाच की! मला तर ते पटलंही होतं.

पण घरी आल्यावर ही म्हणाली, "एकदा आपल्या मिस्त्रीला दाखवा." हे मिस्त्री म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारा साधा माणूस. त्यांनी पाना हातात घेण्याआधी दोन प्रश्न विचारले. "सर, एअर फिल्टर कधी बदललाय? आणि मधे इंजिन ऑइल कुणी टाकलं?"

मी जरा चपापलो. फिल्टर मी दोन वर्षं आपटून, झटकून तोच वापरत होतो. आणि दिवाळीच्या प्रवासाआधी ऑइल मीच टाकलं होतं. थोडं जास्त असलेलं बरं, या हिशेबानं. त्यांनी डिपस्टिक काढून दाखवली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं.

आता फळ्यावर काढून दाखवावं तसं सांगतो. इंजिनात पिस्टन वरखाली होत असतो. त्याच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. खाली क्रँककेसमध्ये तेल उडत असतं, त्याचे बारीक तुषार त्या वायूत मिसळतात. हा वायू बाहेर पडलाच पाहिजे, नाहीतर आत दाब साठतो. म्हणून इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते, ब्रीदर. वाटेत तेल वेगळं करणारा एक भाग असतो, आणि उरलेली वाफ एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या नळीत सोडलेली असते. म्हणजे इंजिन आपलाच उच्छ्वास परत आत घेतं. तेल खुणेच्या वर गेलं की क्रँक ते घुसळतो, तुषार वाढतात. फिल्टर तुंबला की टर्बो हवेसाठी जोरानं ओढ घेतो आणि ब्रीदरमधून तेलही ओढतो. माझ्या गाडीत दोन्ही एकदम झालं होतं.

मिस्त्रींनी ताडलं कसं, हे मला सगळ्यात आवडलं. त्यांनी टर्बोच्या पुढची नळी पाहिलीच, पण त्याच्या अलीकडचीही पाहिली. ब्रीदर जिथं जोडलेला असतो तिथपासून ती ओलीचिंब होती. "सर, तेल टर्बोत शिरायच्या आधीच वाटेत आहे. मग ते टर्बोनं कसं टाकलं असेल?" इतका सरळ तर्क! मग त्यांनी टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. तो आडवा किंचित हलला, पण मागेपुढे सरकला नाही. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, त्यामुळं तेवढं हलणं योग्यच. टर्बो निर्दोष होता.

मला त्या क्षणी माझाच एक वर्ग आठवला. १९७८ की ७९ साल असावं. शाईच्या पेनांचे दिवस. एका मुलाची वही, हात, सदरा, सगळं शाईनं भरलेलं. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. नंतर कळलं, मागच्या बाकावरच्या मुलाचं पेन चालत नव्हतं, ते त्यानं झटकलं होतं. डाग ज्याच्या अंगावर होता तो शिक्षा भोगून मोकळा झाला. मी त्याची माफी मागितली नाही. त्या काळी शिक्षक माफी मागत नसत. आज ही पद्धत काही बरोबर वाटत नाही.

असो. टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. १९०५ साली त्यांनी पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबून इंजिनाला द्यायची, ही किती काटकसरी युक्ती! पण त्या हवेबरोबर तेल जाऊ लागलं तर गंमत राहत नाही. इंटरकूलरमध्ये तेल साचतं. डिझेल गाडीत ते काजळीशी मिळून डांबरासारखं चिकटतं. आणि फारच तेल गेलं तर डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून जाळायला लागतं. किल्ली बंद केली तरी ते वेग घेत सुटतं आणि प्रसंगी स्वतःचा चुराडा करून घेतं. म्हणजे दुर्लक्ष करून चालणारच नाही.

मात्र उपाय कुठला, यावर माझं मत आता पक्कं झालं आहे. आमच्या कॉलनीतल्या एका तरुणानं ब्रीदरची नळी सरळ काढून खाली रस्त्याकडे सोडली आहे. "काका, आता इंजिनात तेलाचा थेंब जात नाही!" खरंच जात नसेल. पण तो धूर आता मागून सायकलवर येणाऱ्या पोराच्या छातीत जातो, त्याचं काय? पूर्वी सगळ्याच गाड्या असा धूर रस्त्यावर सोडत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांना तो परत इंजिनातच जाळायची सक्ती झाली, ती उगीच नाही. आपलं अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटणं म्हणजे स्वच्छता नव्हे.

दुसरा उपाय म्हणजे कॅच कॅन, वाटेत बसवलेला तेल धरणारा डबा. तो वाईट नाही. पुढची नळी परत हवेच्या वाटेतच जोडली आणि डबा वेळच्या वेळी रिकामा केला, तर उपयोगी पडतो. पण आपण रिकामा करतो का? तो तुंबला तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो, टर्बोतून खाली उतरणारं तेल उतरत नाही, आणि मग ते खरोखरच टर्बोच्या सीलमधून हवेत जातं. म्हणजे औषधानंच रोग आणला. आणि मूळ कारण तसंच राहिलं असेल, तर डबा ते नुसतं झाकून ठेवतो.

माझ्या गाडीला काय केलं? जास्तीचं तेल काढलं, नवा एअर फिल्टर बसवला, ब्रीदर आणि तेल वेगळं करणारा भाग साफ केला, इंटरकूलर काढून त्यातलं तेल ओतून टाकलं. मजुरीसकट बिल चार आकड्यांतच राहिलं. सहा महिन्यांनी मीच हट्टानं नळी काढायला लावली. आत पुसटसा ओलावा होता. मी घाबरलो, तर मिस्त्री हसले. "एवढा राहणारच, सर. थेंब साचायला लागले तर या."

सगळ्याच टर्बोंना माफी द्या असं मी म्हणत नाही. काही टर्बो खरंच गेलेले असतात. माझं म्हणणं एवढंच की बोटाला तेल लागलं म्हणून लगेच निकाल देऊ नये. नळी जिथून येते तिथपर्यंत मागे जाऊन पाहावं. माझ्या बाबतीत तो माग फिल्टर आणि डिपस्टिकपाशी येऊन थांबला, आणि तिथं मीच उभा होतो.

आता दर महिन्याच्या एक तारखेला, पेन्शन जमा झाली का ते पाहायच्या आधी, मी सपाट जागी, गार इंजिनावर डिपस्टिक पाहतो. दोन खुणांच्या मधे. तुम्हीही उद्या सकाळी पाहा.